न परतणारा प्रकाश

अनघा बिराजदारनं आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या हातातला माईक ओढून घेतला, तो दिवस खरं तर तिच्या सगळ्यात आनंदाचा दिवस असायला हवा होता.

पुण्यातल्या संस्थेचं सभागृह खच्चून भरलं होतं. 'परिघ' या यानानं पाठवलेल्या मोजमापांतून निघालेला निष्कर्ष आज जाहीर होत होता: विश्व अनंत नाही, त्याला मोजता येईल असा आकार आहे. हा निष्कर्ष ज्या गणितातून आला ते अनघाचं होतं. पण बोलत होते संस्थेचे संचालक, डॉ. हेमकांत राजाध्यक्ष. पांढरेशुभ्र केस, भरदार आवाज. विज्ञान सोपं करून सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"या विश्वातून बाहेर जायला वाटच नाही," ते समारोपाला म्हणाले. "एका बाजूनं निघालेला प्रकाश फिरून दुसऱ्या बाजूनं परत येतो. मित्रहो, याचा अर्थ काय? याचा अर्थ, इथून कुणीच कायमचं जात नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. अनघा ताडकन उठली आणि तिनं माईक ओढला.

"सर, हे बरोबर नाही. प्रकाश परत येत नाही. विश्व मर्यादित असलं तरी ते प्रसरण पावतंय आणि..."

"अनघाला तपशिलांची फार काळजी," राजाध्यक्ष हसत म्हणाले. सभागृहही हसलं. कुणीतरी चहा तयार असल्याचं जाहीर केलं. त्या संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांवर राजाध्यक्षांचं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाजलं. अनघाचं वाक्य कुठंच नव्हतं. एका वाहिनीनं तिला माईक ओढताना दाखवलं, तेही आवाज बंद करून.

अनघानं शोधलं होतं ते असं. जन्मल्यावर सुरुवातीला विश्व एखाद्या तापलेल्या धुक्यासारखं होतं. पावणेचार लाख वर्षांनी ते निवळलं, आणि त्या क्षणी सुटलेला प्रकाश अजूनही सर्व दिशांनी आपल्यापर्यंत पोचतो आहे, थंड होऊन सूक्ष्मलहरी बनलेला. तो जिथून निघाला ते सगळे बिंदू आपल्याभोवतीच्या एका अवाढव्य गोलावर येतात. आता अशी खोली डोळ्यांपुढे आणा, जिच्या डाव्या भिंतीतून पलीकडे गेलं की माणूस उजव्या भिंतीतून पुन्हा त्याच खोलीत येतो. जुन्या मोबाइलवरच्या खेळातला साप पडद्याच्या एका कडेला नाहीसा होऊन दुसऱ्या कडेनं यायचा, तसं. अशा खोलीत फुगा फुगवत नेला तर तो डावीकडून बाहेर पडून उजवीकडून आत येईल आणि स्वतःलाच छेदेल. जिथं छेदेल तिथं वर्तुळ उमटेल, आणि मधोमध बसलेल्याला ते एकच वर्तुळ दोन निरनिराळ्या दिशांना दिसेल. दोन्हींवरचे उष्ण-थंड ठिपके अगदी हुबेहूब. 

अशी वर्तुळं लोक पूर्वीही शोधत होते. पण ती बरोबर समोरासमोर असतील असं धरून. विश्व जोडलं जाताना किंचित पिळलं गेलं असेल तर ती तिरकी पडतील, हे अनघानं ओळखलं, आणि 'परिघ'च्या नकाशात तिला ती सापडली. विश्वाची एक पूर्ण फेरी म्हणजे जवळजवळ नव्वद अब्ज प्रकाशवर्षं.

मात्र ही फेरी कुणालाच पुरी करता येणार नव्हती. अवकाश ताणलं जातंय, आणि ताणण्याचा वेग वाढतोच आहे. आज पृथ्वीवरून निघालेला प्रकाश अनंत काळ धावला तरी त्या फेरीचा पाचवा हिस्सासुद्धा ओलांडू शकणार नाही. तिच्या निबंधात हे स्पष्ट लिहिलेलं होतं. ते कुणी वाचलं नव्हतं.

वर्षभराच्या आत 'पुनर्प्रकाश' नावाची कंपनी उभी राहिली. गेलेल्या माणसांचे आवाज, चित्रफिती ती मोठ्या तबकडीवरून आकाशात सोडायची, आणि काही आठवड्यांनी 'परतलेला प्रकाश' घरच्यांना दाखवायची. विश्व पिळलेलं असल्यामुळे त्यात आखूड वाटा असतात, तिथून प्रकाश लवकर फिरतो, असं त्यांचं सांगणं. जाहिरातीत राजाध्यक्ष होते. निळ्या आकाशाखाली उभे राहून ते म्हणत होते, "अशी वाट असण्याची शक्यता गणितानं नाकारलेली नाही."

अनघा दार न वाजवताच त्यांच्या खोलीत शिरली.

"माझ्या गणितानं नाकारली आहे. पान उघडून दाखवू?"

"बस आधी."

"मला बसायचं नाही. सर, ती माणसं रडत रडत तिथं जातात. आणि तुम्ही त्यांना..."

"मी त्यांना काय? दिलासा देतोय." राजाध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अनघा, आपण आयुष्यभर ओरडत आलो, लोकांना विज्ञानाचं काही पडलेलं नाही म्हणून. आज रिक्षावाला मला विश्वाचा आकार विचारतो. 'परिघ'चं पुढचं यान ही कंपनी उभारून देतेय. एका सैल वाक्याच्या बदल्यात. कुणाचं काय बिघडलं?"

"वाक्य सैल नाही. खोटं आहे."

"तू फार चिडतेस. जाऊन दोन दिवस घरी राहून ये."

ती खुलासा लिहून वृत्तपत्रांकडे पाठवत राहिली. एकानं तो आतल्या पानावर, राशिभविष्याशेजारी छापला. पाहिल्यावर तिनं तो अंक टराटरा फाडला, आणि फाडून झाल्यावर आपण संस्थेच्या उपाहारगृहात बसलोय हे तिच्या लक्षात आलं.

मग एके दिवशी उदगीरहून आईचा फोन आला.

"अनू, गिरीशचा फोन अण्णांनी देऊन टाकला. महिना झाला, तुला सांगवत नव्हतं."

गिरीश म्हणजे अनघाचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी अहमदपूरच्या वळणावर त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. त्याचा मोबाइल शाबूत राहिला होता. त्यात त्याचे आवाज होते. आईला पाठवलेले निरोप, मित्रांशी केलेली थट्टा, कुणाच्या तरी हळदीत बेसूर म्हटलेलं गाणं. आई रोज सकाळी भाकरी थापताना त्यातलं काहीतरी लावायची.

"कुणाला दिला?" अनघानं विचारलं. पण तिला कळलं होतं.

"लातूरच्या त्या प्रकाशवाल्यांना. आणि माझ्या फोनवर जे होतं तेही पुसलं. दुसरी प्रत राहिली तर प्रकाश वाट चुकतो म्हणे."

अण्णांनी! अनघाचा विश्वास बसेना. शिवमूर्ती बिराजदारांची सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेली. डिझेल इंजिनाचा आवाज ऐकून ते त्याचं दुखणं सांगायचे, आणि जे उघडून पाहता येत नाही त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. गिरीशला माती दिल्यावर शेजाऱ्यांनी एका महाराजांना घरी आणलं होतं. 'पोराचा जीव घुटमळतोय' असं महाराज म्हणाले, तेव्हा अण्णांनी त्यांच्या चपला उचलून रस्त्यावर नेऊन ठेवल्या होत्या.

ती त्याच दिवशी निघाली.

घरी पोचली तेव्हा अण्णा भिंतीवरच्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा.

"आलीस? ये, ये. बघ, काल आलाय." त्यांचा चेहरा उजळला होता.

पडद्यावर गिरीश होता. थोडा थोराड झालेला, गालावर तीच खळी. "अण्णा, मी बरा आहे. इथं खूप उजेड आहे. तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना?"

अनघा अण्णांच्या शेजारी टेकली. तिला माहीत होतं की हे यंत्रानं त्याच्याच फोनमधल्या आवाजातून, चेहऱ्यातून शिवलेलं सोंग आहे. तरीही एक क्षण तिला वाटलं, अजून एकदा लावावं. त्या एका क्षणाचा तिला इतका संताप आला की तिनं उठून पडदा बंद केला.

"चालू कर," अण्णा म्हणाले.

"अण्णा, हा गिरीश नाही."

"तुझ्याच शोधातून आलाय की. सगळ्या गल्लीला सांगितलंय मी, माझ्या पोरीनं शोधलंय म्हणून. हे काय बुवाबाजी आहे का? विज्ञान आहे हे."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती.

अनघा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "अण्णा, उदगीरहून लातूरला गाडी सोडली, असं समजा. गाडी एकदम झकास. कधी बंद पडत नाही, डिझेल संपत नाही, एकाच वेगानं पळते."

"बरं."

"पण रस्ता रबराचा आहे. आणि कुणीतरी तो ताणतंय. गाडी एक मैल पळेस्तोवर पुढचा रस्ता दोन मैलांनी वाढतो. नंतर चार मैलांनी."

अण्णांच्या कपाळावर आठी पडली. ते इंजिनाकडे पाहायचे तसे तिच्याकडे पाहू लागले.

"मग पोचायची कशी?"

"नाही पोचत."

"कधीच?"

"कधीच नाही. विश्व फिरून जोडलेलं आहे हे खरंय. रस्ता आहे. पण त्यावरून परत येणं कुणालाच शक्य नाही. आणि आखूड वाट म्हणतात ना, ती नाहीच. मी सगळ्या वाटा मोजल्यात, अण्णा. सगळ्यात जवळची जी आहे तिचीच ही गोष्ट सांगतेय."

ते आपल्या हातांकडे बघत बसले. त्यांना समजलं होतं, आणि समजल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अनघाला ते बघवेना. दवाखान्यातून गिरीशला बाहेर आणलं तेव्हा त्यांचा चेहरा असाच झाला होता.

मग ते एकदम ओरडले. "मला आधी का नाही सांगितलंस? जगाला गणितं शिकवतेस, आणि घरी एक फोन करता आला नाही?"

"केला होता! टीव्हीवर ते बोलले त्याच दिवशी केला. तुम्ही म्हणालात, थांब, तुझे साहेब बोलायलेत, ऐकू दे."

अण्णा उठले. पायात चपला सरकवून ते म्हणाले, "गाडी काढ. फोन परत आणू."

लातूरचं केंद्र एका जुन्या मंगल कार्यालयात होतं. बाहेर चांदण्यांचा फलक, आत गार हवा आणि मंद सनई. नंबर लावून बसलेल्या माणसांच्या मांडीवर फोन, टॅब, कुणाच्या हातात जुना कॅमेरा. सगळे हळू आवाजात बोलत होते.

व्यवस्थापक मुलीच्या छातीवर शाल्मली या नावाची पट्टी होती. तिनं आधी पाणी दिलं.

"काका, परत नाही मिळत ती वस्तू. तुम्ही कायमची दिलीत ना? मूळ वस्तू हलली तर येणारा प्रकाश तुटतो."

"कुठं आहे फोन?" अनघानं विचारलं.

"आमच्या सुरक्षित कक्षात."

"त्यात काय चालतं तिथं? त्याच्या आवाजावरून नवा आवाज बनवता, हेच ना? मी कोण आहे माहितेय तुम्हाला?"

शाल्मलीला माहीत नव्हतं. अनघा मागं वळली आणि बसलेल्या माणसांना मोठ्यानं म्हणाली, "ऐका. विश्वाचा आकार मी मोजलाय. ज्या शोधाचं नाव सांगून हे लोक तुम्हाला इथं बसवतात तो माझा शोध आहे. इथून सोडलेलं काहीही परत येत नाही. आलं नाही, येणार नाही. हे जे दाखवतात ते यंत्रानं बनवलेलं आहे. तुमच्या वस्तू यांच्या हाती देऊ नका!"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सनई चालूच राहिली. मग एक म्हातारा म्हणाला, "बाई, हळू. आमचा नंबर यायलाय."

"काका, तुम्हाला फसवतायत."

"फसवू देत," मागून कुणीतरी म्हणालं.

औशाहून आलेली एक बाई उठली. तिच्या हातात गुलाबी कव्हरचा फोन होता. ती सरळ अनघापाशी आली आणि तिनं अनघाला दोन्ही हातांनी ढकललं. "तुला काय मिळालं गं हे सांगून? आं? माझी पोरगी मला एकदा दिसणार होती. एकदाच. तुझं काय जात होतं?" तिनं पुन्हा ढकललं. अनघाची पाठ भिंतीवर आपटली. ही बाई चुकीच्या माणसावर चिडली होती, पण चिडण्यात काडीचीही चूक नव्हती.

तेवढ्यात आतून खाडकन आवाज आला.

अण्णा या गोंधळात नव्हतेच. शटर ओढायची लोखंडी सळई कोपऱ्यात होती, ती त्यांनी उचलली होती आणि मागच्या बोळातल्या बंद दाराच्या कडीत घातली होती. सत्तरीला आलेल्या माणसानं सगळं वजन टाकून एक हिसका दिला आणि कोयंडा उखडून आला.

"काका, काय करताय! पोलीस बोलावू का?" शाल्मली धावली.

"बोलवा की," अण्णा म्हणाले. "मीपण तेच म्हणतोय."

सुरक्षित कक्ष म्हणजे भांडीकुंडी ठेवायची खोली होती. भाजीच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये फोनांचे ढीग होते. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. कॅसेटा, टॅब, लहान मुलांची बोलकी खेळणीसुद्धा. वरच्या क्रेटवर कुणाचा तरी अर्धा वडापाव होता.

दारात माणसं गोळा झाली. आधी कुणी आत येईना. मग 'आमचा नंबर यायलाय' म्हणणारा म्हातारा वाट काढत पुढं आला आणि गुडघ्यावर बसून एका क्रेटमध्ये हात घालू लागला. गेल्या महिन्यात त्यानं बायकोचा फोन दिला होता. आज 'परतलेला प्रकाश' घ्यायला आला होता. त्याच्यामागून आणखी दोघं शिरली. मग सगळेच. कुणी चिठ्ठ्या वाचत होतं, कुणी शिव्या देत होतं. शाल्मली बोळात उभी राहून कुणाला तरी फोनवर रडत सांगत होती की तिला आठवड्यापूर्वीच कामावर घेतलंय, तिला यातलं काही माहीत नाही.

औशाची बाई दाराशी थबकली. तिनं ते क्रेट पाहिले, गुलाबी कव्हरचा फोन पोलक्यात खोचला आणि निघून गेली.

गिरीशचा फोन अनघाला सापडला. काचेला तीच तिरकी चीर. म्हाताऱ्याला त्याचा मिळाला होता. त्यातून एक बाई 'दूध तापत ठेवलंय, बघा जरा' असं सांगत होती, आणि तो ते पुन्हा पुन्हा लावत होता. अनघानं भिंतीवरच्या चार्जरच्या तारेला गिरीशचा फोन जोडला. अण्णा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

पडदा उजळला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर अक्षरं आली.

नमस्कार. आपली भाषा निवडा.

"म्हणजे?" अण्णांनी विचारलं.

"पुसलाय. काम झाल्यावर पुसून विकायला ठेवतात बहुतेक."

अण्णांनी फोन हातात घेतला. भाषा निवडली. मराठी. मग तो पुढचं काय विचारतो ते वाचत राहिले.

पोलीस आले. पंचनामा झाला. संध्याकाळपर्यंत वाहिन्यांवर केंद्राच्या खोलीतले क्रेट दिसू लागले आणि कंपनीनं 'एका केंद्रातील गैरप्रकार' असं पत्रक काढलं. राजाध्यक्षांचा निरोप आला: 'अनघा, तू घाई केलीस. यानाचं काम थांबेल याची कल्पना आहे ना? भेटून बोलू.' तो वाचून तिनं गाडीच्या स्टिअरिंगवर हात आपटला. अण्णा शेजारी बसून होते. परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, "तुझ्या आईला मी सांगणार. तू नाही."

आईनं दार उघडलं. अण्णांनी फोन तिच्या हातात दिला आणि उंबऱ्यातच उभं राहून सांगितलं, "काही राहिलं नाही त्यात. माझ्यामुळं गेलं."

आईनं फोनकडे पाहिलं. अनघानं तिला कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. आत्ताही तो चढला नाही.

"तुम्ही मला न विचारता दिलात," ती म्हणाली. "माझ्या फोनवरचंही पुसलंत. मी भाकरी करत होते, तुम्ही बाहेर बसून पुसत होतात. तुम्ही एकटेच त्याचे होतात का?"

"नाही."

"तीन वर्षं मी त्याच्याशी बोलत होते. तो मेलाय हे मला ठाऊक होतं. रोज ठाऊक होतं. मला कुणाचा प्रकाश नको होता, त्याचा आवाज पुरत होता मला." तिनं फोन टेबलावर ठेवला, अगदी हलकेच. "बसा. जेवायचं वाढते. पण आज माझ्याशी बोलू नका."

अण्णा बसले. आई ताटं घ्यायला वळली आणि मध्येच थांबली.

"अनू, तुझ्या त्या साहेबांना फोन लाव."

"आई, त्यांच्याशी बोलून काही..."

"लाव म्हणते ना."

अनघानं लावला. राजाध्यक्षांनी लगेच घेतला. ते तिच्याच फोनची वाट पाहत असावेत. "हं, अनघा, हे बघ, अजूनही आपण मिळून..."

"मी तिची आई बोलतेय," अनघाच्या हातून फोन घेत आई म्हणाली. "महादेवी बिराजदार. उदगीर."

"नमस्कार ताई. झालं ते फार वाईट झालं. खरं तर माझा हेतू..."

"हेतूचं राहू द्या. माझा मुलगा गिरीश मेलाय. तो कुठं फिरत नाही, कुठून येणार नाही. तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं. माझी मुलगी तुमच्या तोंडावर सांगत होती आणि तुम्ही हसलात. मी पाहिलंय ते. तिचा आवाज बंद केला होता, पण तुमचं हसणं दिसत होतं. आता तुम्ही टीव्हीवर जायचं आणि म्हणायचं, मी खोटं बोललो. माझ्या मुलाचं नाव घेऊन म्हणायचं. कधी जाता?"

"ताई, हे इतकं सोपं नसतं. संस्थेची, यानाची एक..."

"कधी जाता?"

पलीकडून फोन बंद झाला.

आईनं फोनच्या पडद्याकडे पाहिलं, तो अनघाला परत दिला. पदराला हात पुसले, खुर्ची ओढून टेबलाशी बसली.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.